लाल काटाच सगळे पाहतात

मी एक जुना मापक आहे, मित्रांनो. माणसाच्या पकडीत किती जोर आहे, ते मी सांगतो. पोलादी मूठ, तिच्या डोक्यावर गोल तबकडी आणि तबकडीवर दोन काटे, असं माझं रूप. कोणी मला दाबलं की दोन्ही काटे सरसर वर चढतात. पकड सैल झाली की काळा काटा खाली येतो. लाल मात्र जिथवर चढला तिथेच ठाण मांडून बसतो, कोणीतरी बोटाने मागे फिरवेपर्यंत. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या जिवाची सगळी तगमग या दोन काट्यांपायी आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी न्यू जर्सीत डॉक्टर सुमंतांकडे आलो. ते हातांचे डॉक्टर. पेशंटशी ते इंग्रजीत बोलत आणि स्वतःशी मराठीत पुटपुटत, त्यामुळे ही भाषा मी त्यांच्याकडूनच उचलली. ते आधी पेशंटचा हात आपल्या हातात घेत आणि मगच मला पुढे करत. बरणी उघडता येते का, बुटाची नाडी बांधता येते का, असं विचारत बसत. ओळखीची मुलं आली की म्हणत, "दाब बघू, आज किती पोळ्या खाल्ल्यास ते कळेल!" संध्याकाळी मला पुसून खिडकीपाशी ठेवत. फार सुखाचे दिवस होते ते.

डॉक्टर निवृत्त झाले, दवाखान्याचं सामान विकलं गेलं आणि मी वेस्ट विंडसरजवळच्या एका तपासणी केंद्रात येऊन पडलो. इथे कोणी बरं व्हायला येत नाही. आजारपणामुळे ज्यांची नोकरी सुटली आणि ज्यांना विम्यातून दरमहा डिसॅबिलिटीचे पैसे मिळतात, अशी माणसं येतात. काम करण्याजोगा नाही असं ठरलं तर पैसे चालू राहतात, काम करू शकतो असं ठरलं की बंद होतात. मला ड्रॉवरमधून काढायचं, दाबायला द्यायचं, लाल काटा कुठे पोचला ते लिहायचं आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये टाकायचं. धूळ पुसायला कोणाला वेळ आहे? त्या अंधारात मला क्षणभर चैन पडत नसे.

तिथे एकदा देवानंद आले. नागपूरच्या इंदोऱ्यातले, इथे एका प्रयोगशाळेत संशोधक होते. त्यांना स्नायू थकण्याचा आजार जडला होता. पहिल्या झटक्याला हातात चांगला जोर येई, मग बघता बघता हात गळून जाई. हातातून काचेच्या नळ्या पडू लागल्या, तेव्हा नोकरी गेली. त्यांची औषधं, घराचं भाडं आणि मुलीचं कॉलेज, सगळं आता त्या डिसॅबिलिटीच्या पैशांवर होतं. पण गडी कसा आला होता म्हणता? कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट!

"अहो, त्रास होतो ते नीट सांगा हं," त्यांची बायको, कांताताई, शर्टाचं सुटलेलं बटण लावून देत म्हणाल्या.

"टेस्ट आहे ना, कांता? मग टेस्ट नीटच देणार. कालपासून हाताला पूर्ण रेस्ट दिलीय मी."

माझा तर काटाच थरथरला. अरे भल्या माणसा, इथे पहिला नंबर काढायचा नसतो! पण त्यांना तरी कसा दोष द्यावा? घरातले ते पहिले शिकलेले. शाळा, स्कॉलरशिप, परदेश, प्रत्येक दार त्यांच्यासाठी परीक्षा देऊनच उघडलं होतं. पेपर अर्धा टाकून उठायचं नाही, असं वडिलांनी लहानपणापासून बजावलेलं. तपासणाऱ्याने "हाऊ आर यू?" विचारताच ते ताठ बसून "फाइन, थँक यू" म्हणाले आणि त्यांनी दात-ओठ खाऊन मला दाबलं. लाल काटा थेट वर जाऊन बसला. काळा काटा लगेच कोसळत होता, पण तिकडे बघतो कोण! आकडा लिहिला गेला आणि त्यांचे पैसे बंद झाले.

त्यांनी अपील केलं. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरली. या वेळी तपासायला नव्या थेरपिस्टबाई होत्या आणि बाई खोलीत यायच्या आधी मायलेकी देवानंदांची समजूत घालत होत्या.

"बाबा, प्लीज. जस्ट डोंट स्क्वीझ सो हार्ड," मुलगी उपासना म्हणाली. "थोडंसंच दाबा ना."

"म्हणजे चीटिंग करू? ते माझ्याने होणार नाही, बेटा."

"मग आपण घर कसं चालवायचं, बाबा?"

देवानंदांनी शर्टाची बाही वर सारली. बाई आल्या आणि देवानंदांनी मला पुन्हा तसंच जीव खाऊन दाबलं. लाल काटा वर! उपासनाने डोळे मिटून घेतले. बाईंनी पेन उचललं. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

"वन मिनिट, मॅडम!" कांताताई उठूनच उभ्या राहिल्या. मग त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की हे चहाचा कप उचलतात, अगदी छान उचलतात. पण तोंडापर्यंत नेता नेता तो हातातून सुटतो. घरातले अर्धे कप तसेच फुटले आहेत.

बाईंनी पेन खाली ठेवलं. लाल काटा बोटाने मागे फिरवला आणि देवानंदांना सांगितलं, "आता दाबा, आणि मी म्हणेपर्यंत सोडू नका." बाई काळ्या काट्याकडे पाहत राहिल्या. इतक्या वर्षांत त्याच्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं. देवानंदांच्या कपाळावर घाम आला, बोटं माझ्याभोवती तशीच आवळलेली, तरी काळा काटा घसरत घसरत तळाला गेला. दर वेळी लाल काटा मागे फिरवून बाईंनी आणखी दोनदा दाबायला लावलं. शेवटच्या वेळी तर लाल काटाही जागचा जेमतेम हलला. बाई बराच वेळ लिहीत होत्या.

त्यांचे पैसे पुन्हा सुरू झाले, हे मी पुढे बाईंच्या बोलण्यातून ऐकलं आणि हायसं वाटलं. पण त्या दिवशी मला आनंद झाला नव्हता. निघताना देवानंद दारात थांबले, मागे वळले आणि मान खाली घालून बाईंना म्हणाले, "सॉरी. आय कॅन डू बेटर."

कांताताईंनी त्यांचा तो थकलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, डॉक्टर सुमंत घेत तसा, आणि त्यांना बाहेर नेलं.

मित्रांनो, मला पुसायचं राहिलं तर राहू द्या. पण तुमच्या घरात कोणी ताठ बसून "मी बरा आहे" म्हणालं, तर तेवढं ऐकून उठू नका. त्याचा हात हातात घ्या आणि काळा काटा खाली येईपर्यंत जवळ बसा.