दुसरा रिमोट

पडद्यावरची मिथुनची गाडी भिंतीवर आदळली आणि तो खुर्चीतच हसत वाकला. बद्रीनाथने मनाशी ठरवून टाकलं, हा आता घेणारच.

शहागडला हायवेलगत बद्रीनाथचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. शाळेत असताना मिथुन इथूनच व्हिडिओ गेमच्या कॅसेटी बदलून न्यायचा; आता ट्रक चालवतो. तोच जुना गेम एका कंपनीने नव्या खोक्यात घालून बाजारात आणला, तेव्हा बद्रीनाथ हरखूनच गेला. आपला काळ परत आला म्हणत त्याने दुकानभर खोकी भरली. बायकोने, दैवशालाने, एकच अट घातली: दिवाळीपर्यंत ही खपली नाहीत, तर पाडव्यापासून दुकान पुतण्याच्या मोबाईलच्या धंद्याला द्यायचं. बद्रीनाथने तेव्हा ऐटीत मान डोलावली होती.

आता दिवाळी तोंडावर आली आणि खोकी होती तिथेच. गिऱ्हाईक नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. माणसं यायची, बद्रीनाथशी डाव लावायची, पोट धरून हसायची आणि चहा पिऊन निघून जायची. वस्तू वाईट असती तर कुणी हसलं नसतं. चांगली होती, तर कुणी नेत का नव्हतं? भाव उतरवला, तरी तेच. त्याचं डोकं चालेना.

मिथुनने रिमोट खाली ठेवला.

"बांधून देऊ?"

"नको काका."

"का रे? आत्ता तर एवढा हसून राह्यला व्हतास."

"घरी कुणासंग खेळू? ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल हाय. इथं तुम्ही खेळता, म्हणून मजा येती."

"मंग मी बी खोक्यात बसून येऊ का?"

मिथुन हसत ट्रककडे गेला. आनंद मानावा की रागवावं, हे बद्रीनाथला कळेना.

दुकानातलं लक्ष्मीपूजन आटोपलं. दैवशालाने किल्लीसाठी हात पुढे केला. बद्रीनाथने त्यात दुसरा रिमोट ठेवला.

"एक डाव खेळ. मंग लावू कुलूप."

तिला कुठलं बटण कशाचं, काही ठाऊक नव्हतं. तिची गाडी भिंतीवर आदळली, उलटी पळाली, परत आदळली. डोळ्यांत पाणी येईतो दैवशाला हसली. या दुकानात ती कधी अशी हसलेली बद्रीनाथला आठवेना. त्याला एकदम वेडी आशा वाटली.

"अजून एक?"

तिने पदराने डोळे पुसले. रिमोट होता तिथे नीट ठेवला.

"चांगली हाय की वस्तू," ती म्हणाली. "खपली कशी न्हाई?"

आणि तिने किल्लीसाठी पुन्हा हात पुढे केला.