पाहुण्यांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सांगली जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वेकडे, एका उघड्या पठारावर आमचे गाव आहे. तेथील बिरोबाच्या देवळामागच्या खोलीत माझा मुक्काम असतो. माझी हकीगत क्रमाने ऐकलीत तरच तिचा अर्थ लागेल, म्हणून घडणीपासून सुरुवात करते.

माझे लाकूड बाभळीचे. गुंडा सुताराने ते सावलीत पुरते वाळू दिले आणि मगच रंधा हातात घेतला. माझ्या अंगात एकही खिळा नाही. प्रत्येक सांध्यात खाच पाडून तिच्यात दुसऱ्या लाकडाचे तासलेले टोक, म्हणजे कुसू, बसवले आहे आणि वरून लाकडी पाचर ठोकली आहे. बैठक वेताची आहे. पाठ मुद्दाम उंच ठेवली, कारण माझ्यावर कोण बसणार हे गावाने आधीच ठरवले होते. गावकरी घोंगड्यावर बसत. खुर्ची हवी होती ती पाहुण्यांसाठी.

माझ्यावर मामलेदार बसले, फौजदार बसले, शाळा तपासायला आलेले साहेब बसले. पाहुणा आला की मला पुसून पारावर आणत आणि तो गेला की पुन्हा खोलीत ठेवत. गावाचा पाहुणचार पंचक्रोशीत नावाजलेला होता, आणि त्यात माझाही वाटा होता. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. त्या हलक्या होत्या, एकीत एक बसत होत्या. माझा वेत उसवला. माझ्यावर भंडाऱ्याची पोती ठेवू लागले आणि मी विसरली गेले.

मग पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची देखभाल पाहण्यासाठी डेन्मार्क देशातून येन्स नावाचे एक अभियंते आले. सोबत त्यांची पत्नी किर्स्टन होती. शहरातील बंगला नाकारून दोघांनी गावातच हरणाबाईंच्या घराचा सोपा, म्हणजे पुढची खोली, भाड्याने घेतला. त्याच आठवड्यात सरपंच नानासो यांच्या सांगण्यावरून माझा वेत नव्याने विणला गेला आणि मी बाहेर आले.

पहिल्या दिवशी येन्स माझ्यावर बसलेच नाहीत. त्यांनी मला उलटे केले, सांध्यांवरून बोट फिरवले आणि खिळा सापडला नाही तेव्हा स्वतःशीच हसले. माझी अशी पारख त्यापूर्वी कोणी केली नव्हती.

किर्स्टनबाई भाकरी थापायला शिकल्या. हरणाबाईंकडून भाषाही उचलली, ती पुस्तकातली नव्हे, गावातली. तव्यावरची भाकरी करपली की त्या ‘आता काय करू गं बया’ म्हणत आणि गल्ली हसून लोळत असे. येन्स तानाजींबरोबर मेंढ्यांमागे माळावर जात. तानाजी हे नानासोंचे धाकटे भाऊ. वाऱ्याविषयी तानाजींना जे कळते ते यंत्रातही उमटत नाही, असे येन्स सांगत. त्यावर तानाजी म्हणत, “मग पगार बी माझ्याच नावावर काडा की, सायेब.”

एवढा जिव्हाळा असूनही एक गोष्ट होत नव्हती. बिरोबाच्या जत्रेला आमच्याकडे प्रत्येक उंबऱ्यामागे पायलीभर गहू देवळात जमा करतात. त्याची लापशी होते आणि सारे गाव एका पंगतीत जेवते. ज्याचे गहू त्या ढिगात पडले, तो गावचा. किर्स्टनबाईंनी पहिल्याच वर्षी गहू निवडून, टोपल्यात भरून डोक्यावरून आणले. नानासोंनी हात जोडले आणि टोपले परत केले. पाहुण्याकडून वर्गणी घेण्याची रीत नाही, असे ते म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी जवळून पाहिले आहे. किर्स्टनबाई पंगतीत जाऊन खाली बसल्या, तर तानाजींनी मला आणून पानापुढे ठेवले.

“आवं, उठा. खाली बसवलं तर गावाची लाज जाईल,” नानासो म्हणाले.

“मला खालीच बसायचं हाय,” त्या म्हणाल्या. सगळे कौतुकाने हसले, आणि त्यांना माझ्यावर बसवले.

दर वर्षी गहू आले आणि दर वर्षी परत गेले. एकदा हरणाबाईंनी देवळातच सर्वांना ऐकवले, “इतकी वरसं कोण पाव्हणं ऱ्हातं काय रं? ना माहेरवाशीण, ना सासुरवाशीण. बाईनं उभं तरी कुटं ऱ्हायाचं?” नानासो म्हणाले, “तुझं भाडं बुडंल म्हून बोलतीस व्हय?” लोक हसले आणि विषय तेथेच मिटला.

मागच्या आषाढात, वारा ऐन भरात असताना, पवनचक्कीच्या पायथ्याशी येन्स छातीत कळ येऊन कोसळले. तानाजींनी त्यांना मांडीवर घेतले होते. गाडी येण्यापूर्वीच सारे संपले.

किर्स्टनबाईंचे एकच मागणे होते. माळावर, जेथे गावाची माणसे जातात तेथेच येन्स यांना अग्नी द्यावा आणि गावाने खांदा द्यावा. येन्स यांनी तसे बोलून ठेवले होते. त्यानंतर आपण याच गावात राहू, असेही त्या म्हणाल्या. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी आडकाठी केली नाही. शहरात तपासणी होऊन देह संध्याकाळपर्यंत परत मिळेल, फक्त गावातील कोणीतरी जबाबदारी घ्यावी, एवढेच त्यांनी सांगितले.

गाव पारावर जमले. तानाजी पुढे होऊ लागले, तेव्हा नानासोंनी त्यांचा दंड धरला.

“आपल्या माणसाचं मरण आपण अंगावर घेतो,” नानासो म्हणाले. “पाव्हण्याचं कसं घ्यायाचं? उद्या त्यांच्या देशानं इचारलं तर?”

“आवं, माझ्या मांडीवर गेला त्यो,” तानाजी म्हणाले.

जबाबदारी घ्यायला दुसरे कोणी पुढे आले नाही. तानाजींनी दंड सोडवून घेतला नाही.

मित्रांनो, आमच्याकडे ज्या घरी असे होते तेथे बायका जमिनीवर बसतात आणि त्या बाईला गळ्याशी धरून रडतात. त्या घरी चूल पेटत नाही. शेजारणी भाकरी नेऊन तिला बळेच चारतात, त्याला कडू घास म्हणतात. त्या दिवशी किर्स्टनबाईंसाठी अंगणात मला ठेवण्यात आले. त्या माझ्यावर बसल्या होत्या आणि बायका पदर तोंडाला लावून भिंतीशी उभ्या होत्या. माझी पाठ उंच आणि हात रुंद. माझ्यावर बसलेल्या माणसाला कवेत घेता येत नाही. काही वेळाने त्या माझ्यावरून घसरून जमिनीवर बसल्या. दोघीतिघी लगबगीने पुढे आल्या. मला वाटले, आता तरी त्या शेजारी बसतील. त्यांनी बाईंना हळुवारपणे उचलले, पाठीवरची धूळ झटकली आणि पुन्हा माझ्यावर बसवले.

हरणाबाईंनी भाकरी केल्या होत्या. परंतु साहेबांच्या घरी भाकरी कशी न्यायची, असे ठरून तालुक्याच्या हॉटेलातून डबा आला होता. कपबशीत चहा होता. हरणाबाई फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन दाराआडच उभ्या राहिल्या. किर्स्टनबाईंनी त्यांच्याकडे हात पुढे केला. तेवढ्यात कोणीतरी त्या हातात बशी दिली.

देह शहरातून परस्पर त्यांच्या देशी गेला.

किर्स्टनबाईही देशी परतायला निघाल्या, त्या दिवशी गावाने त्यांचा सत्कार केला. मी पारावर होते. शाल, नारळ, फेटा, काही उणे नव्हते. हे गाव तुमचेच आहे, असे नानासो भाषणात म्हणाले, आणि ते मनापासूनच म्हणाले. किर्स्टनबाईंनी सर्वांना नमस्कार केला. त्यांच्या तोंडून मराठी शब्द मी पुन्हा ऐकला नाही. हरणाबाई पारावर आल्याच नव्हत्या.

आता पवनचक्कीवर दुसरे एक परदेशी जोडपे येणार आहे. काल मला तेलपाणी झाले. नानासो स्वतः उभे राहून वेत ताणून घेत होते. पाहुणचारात काही कमी पडू नये, असे सर्वांना बजावत होते.

माझ्यासारख्या वस्तू आपल्या शेवटी निगा राखण्याची विनंती करतात. मला ती करायची नाही. माझी निगा भरपूर राखली जाते. माझे मागणे तुम्हा मुलांकडे आहे. ती माणसे एक दिवस पंगतीत येऊन खाली बसतील, आणि मोठी माणसे मला आणायला उठतील. मोठ्यांचे हे वळण सुटेल अशी आशा मी ठेवलेली नाही, आणि तुम्हीही त्यांच्याच घरात वाढत आहात. तरीही मी येईपर्यंत थोडा वेळ लागतो, कारण मी जड आहे. तेवढ्या वेळात थोडे सरका आणि त्यांना मध्ये घ्या.