डावा हात आणि ऑल्टचं बटण

घरांचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. बावीस वर्षांत तिची एक भिंत वाकडी गेली नव्हती. मग अर्धांगाचा झटका आला, डावा हात लुळा पडला, आणि चार महिने रबरी चेंडू दाबून दाबून तिने तो कसाबसा कामाला लावला.

परतली तेव्हा टेबलावर नवा कॉम्प्युटर होता. नकाशाचा प्रोग्राम मात्र तोच. तिची पद्धतही तीच: डाव्या अंगठ्याने ऑल्टचं बटण दाबून धरायचं, उजव्या हातातल्या माउसने नकाशातलं दार ओढायचं, की शेजारी तस्संच दुसरं दार तयार. तिने ओढलं, तर दार उमटलंच नाही. नकाशाची अख्खी चौकट सरकून पडद्याच्या कोपऱ्यात गेली. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. अंगठा भलतीकडे पडतोय, दुसरं काय?

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने पाहिलं आणि चटकन मान फिरवली. साहेब म्हणाले, "दमानं घ्या, घाई नाही." इतक्या गोड आवाजात ते तिच्याशी बावीस वर्षांत बोलले नव्हते.

घरी नवऱ्याने पुठ्ठ्यावर कीबोर्डची बटणं आखून दिली. पुठ्ठ्यावर अंगठा बरोब्बर पडायचा.

"बघ, जमतंय की!"

"पुठ्ठ्याला काय कळतंय?" ती फणकारली आणि आत जाऊन रडली.

तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच अर्ज लिहिला: हात साथ देत नाही, जुने नकाशे ठेवतात त्या खोलीत बदली द्यावी. एरवी पंख्याच्या दुरुस्तीला महिना लावणाऱ्या ऑफिसने अर्ज त्याच दिवशी मंजूर केला.

ती खण रिकामा करत होती, तेवढ्यात तिच्या खुर्चीत बसलेली नवी मुलगी ओरडली, "अय्या, हे सगळंच पळतंय!"

शेजारचा मान वरही न करता म्हणाला, "नव्या सिस्टिमने ऑल्ट स्वतःकडे घेतलंय. सेटिंगमध्ये जा, चौकट हलवायला दुसरं बटण दे. पहिल्या दिवशी आमचं सगळ्यांचं असंच झालं होतं."

अर्ध्या मिनिटात दार उमटलं.

"मला का नाही सांगितलंत?" फूटपट्टीने विचारलं.

तो गोरामोरा झाला. "मला वाटलं, तुमचा हात..."

तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण तिलाही तेच वाटलं होतं, आणि तो राग कुणावर काढणार? तिने मुलीला उठवलं, अंगठा ऑल्टवर ठेवला, ओढलं. एकामागून एक चार दारं, सरळ रेषेत.

साहेब जुन्या नकाशांच्या खोलीची किल्ली घेऊन आले होते. "आता तिथे माणूस नेमल्याचं वर कळवलंय, बाई. आराम आहे तुम्हाला तिकडे." किल्ली त्यांनी जपून तिच्या उजव्या हाताकडे धरली.

तिने डावा हात पुढे केला आणि ती घेतली.