पालथ्या वहाणा

गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून नवनाथ थंडीतल्या कोवळ्या उन्हात तळ्याभोवती एक फेरी मारायला आला. तळं कसलं, नुसती जलपर्णी आणि चिखल. वाटेत एक म्हातारबा दगडावर बसले होते आणि त्यांच्या वहाणा पुढ्यात पालथ्या पडल्या होत्या. उलटी चप्पल दिसली की घरात भांडणं होतात, हे आईनं लहानपणापासून डोक्यात भरवलेलं. नवनाथनं चालता चालता पायानंच त्या सुलट्या केल्या.

"लई उपकार झालं, बाबा," वहाणा घालत म्हातारबा म्हणाले. "चकवा लागला व्हता. फिरून फिरून हितंच येत व्हतो. वहाणा काढून पालथ्या ठिवून बसायचं, दुसऱ्या कुणी सुलट्या केल्या की सुटका. आता त्यो तुला लागला."

नवनाथ हसला आणि पुढं निघाला. बाहेर पडायचं गेट वळणापलीकडंच होतं. पण वळणापलीकडं तोच दगड आला, रिकामा. पुन्हा चालला, पुन्हा तोच दगड. ऊन उतरलं, बोटं बधिर झाली आणि चिखलातून कुणीतरी त्याच्या बरोबरीनं पावलं टाकत असल्याचा आवाज येऊ लागला. शेवटी त्यानं बूट काढले, पालथे ठेवले आणि दगडावर बसला.

बऱ्याच वेळानं ट्रॅकसूट घातलेली एक कॉलेजातली मुलगी आली. बूट पाहून थबकली.

"काका, असे ठेवू नयेत," म्हणत ती वाकली.

नको म्हणायला नवनाथला भरपूर वेळ होता. त्यानं फक्त पाय जरा मागं घेतले, तिचा हात नीट पोचावा म्हणून.