सहा महिन्यांची पाहुणी

गुंजनला जगात पहिल्यांदा कोणी बसायला खुर्ची दिली, ती सालेकशाच्या प्रार्थनाघरात. मंडळीतले बाकी सगळे खाली अंथरलेल्या दरीवर, म्हणजे सतरंजीवर बसत, डावीकडे बाप्ये, उजवीकडे बाया आणि मधून चालायला वीतभर वाट. प्लास्टिकची ती एकुलती एक खुर्ची दाराशी मांडलेली असे. दर रविवारी गुंजन सकाळच्या गाडीनं गोंदियाहून यायची आणि मंडळीचे कारभारी केशोराव लगबगीनं उठून, खुर्ची पुसून म्हणायचे, "बसा, ताई."

ताई! गाडीत टाळी वाजवून पैसे मागणाऱ्या तृतीयपंथी माणसाला लोक काय काय म्हणतात, ते इथं सांगायची गरज नाही. आईबापांनी ठेवलेलं नाव मुलाला चालायचं तसं मुलीलाही चालायचं, म्हणून तेवढं टिकलं. घर, गाव, भाऊबहिणी सगळं सुटलं होतं. मे महिन्यात तापानं फणफणून ती सालेकसा स्टेशनवर पडली, तेव्हा पास्टर लीलाधर आणि त्यांच्या बायकोनं तिला दवाखान्यात नेलं आणि सलाईन संपेपर्यंत दोघं शेजारी बसून राहिले. निघताना पास्टर म्हणाले, "रविवारी ये." ती आली आणि येतच राहिली.

पास्टरांनी आडपडदा ठेवला नाही. पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, "गुंजन, दार तुझ्यासाठी उघडं आहे आणि उघडंच राहील. पण तुझं हे राहणं देवाच्या मनासारखं आहे, असं मी म्हणू शकत नाही. बाप्तिस्म्याचं पुढे पाहू." वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तोंडावर खरं बोलून वर चहा पाजणारा माणूस तिला नवाच होता. तिनं चहा प्यायला आणि पुढच्या रविवारी पुन्हा आली.

सलत होतं ते वेगळंच. खुर्चीवरून तिला नुसत्या पाठी दिसायच्या. बाया एकमेकींना कोपरानं ढोसून हसायच्या, दोघींत एक गाण्याचं पुस्तक धरायच्या, पेंगणारीला चिमटा काढायच्या. गुंजनला त्यांच्यात त्या दरीवर बसायचं होतं, एवढंच. पण ज्यांनी मान दिला, त्यांना 'तुमचा मान नको' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि आपण बसलो अन् एखादी उठून गेली, तर? तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत व्हायची. म्हणून सहा महिने ती गप्प बसली, खुर्चीवर.

कापणीच्या सणाला मात्र पंचाईत झाली. नागपूरहून मोठे पास्टर आले होते, वयानं सत्तरीचे, गुडघ्यांनी अधू. खुर्ची अर्थातच पुढे गेली. त्या दिवशी गाडी लेट, त्यामुळे गुंजन पोचली तेव्हा प्रार्थनाघर गच्च भरलेलं. ती मधल्या वाटेत येऊन उभी राहिली. सगळ्यांच्या माना वळल्या.

केशोरावांचा हात बाप्यांकडे गेला, तिथून बायांकडे गेला आणि शेवटी स्वतःच्याच डोक्यावर येऊन थांबला. मग ते हळूच म्हणाले, "ताई, बाहेर ओट्यावर हवा मस्त आहे."

आपण ओट्यावर बसलो की परतीची गाडी, आणि परतीची गाडी म्हणजे पुन्हा येणं नाही, हे गुंजनला तिथंच कळून चुकलं. पाय मात्र हलेनात.

"काऊन उभी हायेस वो मंधात?" बायांच्या शेवटच्या रांगेतून आवाज आला. "खांब हायेस का? मले पास्टर दिसून नाई राहिला."

ही मंदाबाई. साठीची, तोंडानं फटकळ. सहा महिन्यांत तिनं गुंजनशी चकार शब्द काढला नव्हता.

"मावशी, मी बसू कुठं?"

"आता माया डोक्यावर बसतेस का? बस इथं. सरका वो जराशा!"

दोघी सरकल्या. तिसरीनं तोंड फिरवलं, पण उठली नाही.

"मंदाबाई," केशोराव कुजबुजले, "पाहुने काय मनतील?"

"पाहुन्यायले खुर्ची भेटली ना? मंग? ही दरी पापी लोकायची हाय. पुण्यवान असतो तं आपुन कायले आलो असतो इथं? तुमाले जमत नसंल तं तुमी बसा ओट्यावर. हवा मस्त हाय मनता ना?"

पास्टर लीलाधरांनी खाकरून गाण्याचा नंबर सांगितला. गुंजन मांडी घालून बसली. गुडघ्याला गुडघा लागला. मंदाबाईनं अर्धं पुस्तक तिच्याकडे ढकललं आणि पुटपुटली, "हे पाह्य, तुयं समदं मले पटते असं नाई. पन थे तू अन् देव पाहून घ्या. गाणं मन."

गुंजन गायली. जाडाभरडा आवाज, पण आज तो लपवावासा वाटला नाही.

प्रार्थनेनंतर पंगती उठल्या आणि बाया हातपंपाशी भांड्यांना भिडल्या. गुंजन सवयीनं बाजूला उभी राहिली, तर मंदाबाईनं भाताचं गंज, ते भलंमोठं पातेलं, तिच्यापुढे आदळलं. गुंजननं घासून दिलं. मंदाबाईनं ते उलटं करून पाहिलं.

"हे बूड पाह्य. कारंच हाय. हातात जोर नाई का तुया? परत घास."

केशोराव धावतच आले. "अवो, पाहुनीले भांडे घासायले लावता?"

"सहा महिने कोन पाहुनी रायते?" मंदाबाई म्हणाली आणि दुसरं गंज ओढलं.

गुंजननं राखेची मूठ उचलली. आजवर तिला शिव्या पुष्कळ पडल्या होत्या आणि इथं मानही भरपूर मिळाला होता. पण आपली समजून कोणी रागावलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, समोरचं गंज दिसेना.

"देवा, तुझे फार उपकार," ती पुटपुटली.

"उपकार मंग मान," मंदाबाई म्हणाली. "आंधी घास."