सोबतीला गेलेली बाई

पोलीस भरतीसाठी पळायचं होतं ते प्राप्तीला. तिच्या आईनं, किशोरीनं, फक्त सोबत जायचं होतं.

उरणच्या बाजूला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं गाव. त्या रस्त्यावर चोवीस तास कंटेनरचे ट्रेलर धावायचे. किशोरीचा नवरा विनेश त्यातलाच एक ट्रेलर चालवायचा. रस्ता कसा आहे आणि त्यावरची माणसं कशी आहेत, हे त्याला नेमकं ठाऊक. त्यामुळे पोरगी सकाळी पाचला पळायला जाणार म्हटल्यावर त्यानंच फर्मान काढलं, "एकटीला नाय धाडायची. तू जा संगती."

किशोरी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. कंटेनर यार्डातल्या बावीस माणसांचे डबे ती घरून द्यायची. सहाला गॅस पेटवला तर नऊला डबे निघायचे. आता आणखी एक तास आधी उठायचं, एवढंच. तिनं मान डोलावली.

गावाच्या मागे खाजणाची खारट दलदल होती आणि खाजणातून एक नवा रुंद रस्ता बांधून तयार पडला होता. उद्घाटन व्हायचं होतं म्हणून गाड्या नव्हत्या, पण दिवे लागायचे. प्राप्ती तिथे आठशे मीटरचा सराव करायची. किशोरी शाल गुंडाळून दुभाजकावर बसायची आणि मच्छर मारायची. खाजणातले ते मच्छर. माणूस बसलेला दिसला की अख्खं कुटुंब घेऊन यायचे. चौथ्या दिवशी ती वैतागून उठली आणि येरझाऱ्या घालायला लागली. चालत्या माणसाला मच्छर कमी चावतात, हा तिचा त्या रस्त्यावरचा पहिला शोध.

पंधरा दिवसांनी प्राप्तीच म्हणाली, "आई, जरा माझ्या मागून पळ ना. मागे कोणी असलं की मी जोरात पळते."

"मी? या चपलांवर?"

"पन्नास पावलं तरी."

किशोरीनं ओढणी कमरेला बांधली आणि पळाली. पन्नास पावलांत छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. प्राप्ती हसून हसून खाली बसली. किशोरीला राग आला. राग पोरीचा नाही, स्वतःच्या फुप्फुसांचा. लग्नाआधी माहेरच्या मिठागरावर भर उन्हात बांधावरून पळणारी ती मुलगी कुठे गेली? दुसऱ्या दिवशी ती सत्तर पावलं पळाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत. मग दोन दिवे, मग पाच.

मार्च उजाडला तेव्हा एका सकाळी गंमत झाली. प्राप्तीचं आठशे मीटर झालं, ती दुभाजकावर बसून पाणी प्यायला लागली. किशोरी पळत होती ती पळतच राहिली. थांबायचं तिला सुचलंच नाही. रस्त्याच्या टोकाला सिमेंटचे ठोकळे आडवे लावले होते, तिथपर्यंत जाऊन ती परत आली.

"कुठे गेलेलीस तू?" प्राप्ती घाबरून उभी होती.

"त्या टोकाला."

"आई, जाऊन-येऊन तीन किलोमीटर होतात ते!"

किशोरीनं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. तीन किलोमीटर तिला जाणवलेच नव्हते. जाणवलं होतं ते वेगळंच. तेवढ्या वेळात तिला कुणी हाक मारली नव्हती, आणि भाजी चिरायची राहिली, पीठ संपत आलं, असलं काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

भरती झाली. प्राप्तीचं मेरिट दोन मार्कांनी हुकलं. दोन दिवस ती पांघरुणातून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी उठली, डोक्यावरून अंघोळ केली आणि एका यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नोंदी करायची नोकरी धरून आली. विनेशला वाईट वाटलं, कारण खाकी वर्दीचं स्वप्न खरं तर त्याचंच होतं. प्राप्ती मात्र आठवड्याभरात ऑफिसात रुळलीसुद्धा.

पुढच्या सोमवारी पाचला किशोरीला जाग आली. तिनं सवयीनं पोरीच्या अंगावर हात ठेवला.

"आई, झोपू दे. संपलं ते."

किशोरी उंबऱ्यात येऊन बसली. सहापर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. दारात प्राप्तीचे बूट पडले होते. तिनं ते घातले. अंगठ्याला घट्ट होत होते. सासू, नीराबाई, ओटीवर जागीच होती.

"कुठं चाललीस?"

"जरा जाऊन येते, आये."

"पोरगी तर निजलीय."

"व्हय," असं म्हणून किशोरी निघाली.

गावात बोलणं सुरू झालं. पण ते तिच्या बाजूनं होतं, म्हणून तिनं ते होऊ दिलं. बाया म्हणायच्या, "पोरीनं हाय खाल्ली ना, म्हणून बिचारी पलते. तिला परत उभी कराला बघते." आईनं लेकीसाठी पळणं सगळ्यांना पटणारं होतं. किशोरी त्यावर काही बोलायची नाही. कारण आयतं मिळालं होतं आणि ते अंगावर शालीसारखं घेऊन बाहेर पडणं सोपं होतं.

त्याच रस्त्यावर तिला बुधाजीकाका भेटले. करंज्याहून खाडीपलीकडे रेवसला जाणाऱ्या लाँचवर तिकिटं फाडण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता ते चौसष्ट वर्षांचे होते आणि अर्ध्या चड्डीत पळायचे.

"तुमी का पलता, काका?" तिनं एकदा विचारलं.

"रिटायर झालो आन् घरात बसलो. पंधरा दिवसांत बायको बोलली, एकतर तुमी तरी भायेर जा, नायतर मी जाते. मग मीच निंगालो."

त्या बुधाजीकाकांनीच तिला सांगितलं, की जानेवारीत पलीकडे रेवसच्या अंगाला मॅरेथॉन आहे. ते स्वतः एकवीस किलोमीटर पळणार होते. "तू बेचालीस पल."

"येड लागलाय का तुमाला?"

"तुजे पाय बगतो मी रोज. तुना दम कमी पडत नाय, टाइम कमी पडतो. सा वाजले का तू घरा पलतेस."

हे मात्र खरं होतं. त्या रविवारी, डब्यांना सुट्टी असताना, ती घड्याळ न बघता पळाली. बुधाजीकाकांच्या मोबाइलनं अठरा किलोमीटर दाखवले. घरी येऊन तिनं सहा भाकऱ्या थापल्या, त्यातल्या चार स्वतः खाल्ल्या आणि पावसाळाभर कुठल्या दिवशी किती पळायचं ते कॅलेंडरवर लिहून काढलं. आपले बूट आपल्या मापाचे घेतले. अंगठ्याचं नख काळं पडून गळून गेलं, नवं आलं.

अडलं ते फॉर्मपाशी. फॉर्म मोबाइलवर भरायचा होता. ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तिनं प्राप्तीला हाक मारली. प्राप्तीनं वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला.

"बेचाळीस किलोमीटर? आई, बस कर ना आता."

"का गं?"

"माझ्यासाठी करतेस ना हे सगळं? मला दाखवायला? ऑफिसातल्या बायका पण बोलतात, आई पळते नि पोरगी खुर्चीत बसते. मला नव्हतं व्हायचं पोलीस. आठशे मीटर पळताना मला रोज उलटी यायची. मी नापास झाले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, कळलं? पण तू रोज सकाळी ते बूट घालून निघतेस आणि मला वाटतं, मी तुझं काहीतरी चुकवलंय."

जी शाल किशोरी सहा महिने पांघरून फिरत होती, तिचं ओझं पोरीच्या खांद्यावर पडत होतं, हे तिला आत्ता दिसलं.

"इकडं बग," ती म्हणाली. "खरा सांगू? तू नापास झालीस तवा मना वाईट वाटला. पण त्याच्या आधी पयला इचार काय आला म्हायती हाय? आता मना सकाली भायेर कोन जाऊ देनार? लाज वाटली मनाच माजी. आईनं असा इचार कराचा? म्हणून लोकं बोलली तसा बोलू दिला. तुज्यासाठी नाय पलत मी. तुज्या मागून पलत होते, ते कवाच संपला."

प्राप्तीला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. "म्हणजे मी उगीच सहा महिने झुरतेय?"

"तू बोलली नायस."

"तू तरी कुठे बोललीस?"

दोघींनी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, रक्तगट. शेवटी एक प्रश्न होता, तुम्ही का धावता? खाली पर्याय होते: आरोग्यासाठी, वजन कमी करण्यासाठी, समाजाला संदेश देण्यासाठी, इतर.

"इतर," किशोरी म्हणाली.

"इतर केलं की लिहावं लागतं."

"मंग लिव. आवडते म्हणून."

"बस, एवढंच?"

"आनखी काय पायजे?"

विनेश रात्री जेवताना कुरकुरला. "पाय मोडून बसलीस तर डब्यांचा काय?"

"मोडला तर तुमी कराल. भात तर येतो ना तुमाला?" किशोरी म्हणाली आणि त्याच्या ताटात माशाचा दुसरा तुकडा वाढला. नीराबाईला मात्र काही पटत नव्हतं. "आमी मिठागराव डोक्याव टोपली घेऊन धावायचो, ती पोटासाठी. ही कशासाठी धावते?" असं ती आल्यागेल्याला विचारायची.

जानेवारीतल्या रविवारी पहाटे पाचला शिट्टी झाली. किशोरी आदल्या दिवशीच लाँचनं येऊन रेवसला मावसबहिणीकडे राहिली होती. अंगात प्राप्तीनं आणलेली काळी ट्रॅकपँट, वर गुडघ्यापर्यंतचा कुडता, छातीवर नंबर. पहिले दहा किलोमीटर ती आणि बुधाजीकाका गप्पा मारत गेले. मग एकवीसवाल्यांना वळायचं होतं. "थांबू नको, घाई पन करू नको," एवढं सांगून काका वळले.

उजाडलं. सुपारीच्या वाड्या गेल्या, समुद्र दिसला, गेला, परत आला. लोक घरांच्या ओट्यांवरून दात घासत बघत होते. एका म्हातारीनं ओरडून विचारलं, "बाय, कोन मागं लागलाय?" किशोरीनं हात हलवला. तिचे पाय तिच्या हुकमात होते. तीस किलोमीटरपर्यंत तिला वाटत होतं, आपण अशाच मुंबईपर्यंत जाऊ.

चौतिसाव्या किलोमीटरला ऊन तापायला लागलं आणि पोटरीत गोळा चढला. ती रस्त्याच्या कडेला वाकून उभी राहिली. पाय जमिनीला टेकवेना. पाणी वाटणारी एक मुलगी धावत आली.

"काकू, मागून गाडी येते आहे. बसा त्यात. एवढं आलात तेच खूप आहे."

गाडी दिसत होती. सावलीची, गादीची. किशोरीनं तिच्याकडे नीट पाहिलं. आणि तिला एकदम कळलं, की ती बसली तर कुणाचंच काही अडणार नव्हतं. कुणी उपाशी राहणार नव्हतं, कुणाला उशीर होणार नव्हता, कुणी रागावणार नव्हतं. आजवर हातात घेतलेलं प्रत्येक काम असं, की ती थांबली तर दुसऱ्याचं बिघडायचं. हे एकच काम असं होतं, की जे सोडलं तर फक्त तिचंच जाणार होतं.

"नको गं," ती म्हणाली. "मीठ हाय का तुज्याकडं?"

मुलीनं मिठाची पुडी आणि अर्धं केळं दिलं. किशोरीनं मीठ जिभेवर टाकलं, पोटरी दोन्ही हातांनी कणकेसारखी तिंबली आणि निघाली. शंभर पावलं चालायची, शंभर पळायची. तिच्या पुढे एक तरुण बसकण मारून रडत होता, त्याला ओलांडून ती पुढे गेली. मग परत फिरली, उरलेलं मीठ त्याच्या हातावर ठेवलं आणि पुन्हा चालू लागली. शेवटचा किलोमीटर तिनं पूर्ण पळून काढला. पाच तास बावन्न मिनिटं झाली होती.

कमानीपलीकडे विनेश, प्राप्ती आणि नीराबाई उभे होते. सकाळच्या लाँचनं आले होते. विनेश सारखा नाक पुसत होता आणि धुळीला शिव्या देत होता. प्राप्तीनं आईला मिठी मारली, तर घामानं दोघींचे गाल चिकटले. नीराबाईनं सुनेच्या गळ्यातलं पदक हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं.

"कितवी आलीस?"

"तीनशे सतरावी, आये."

म्हातारीनं विचार केला. "मंजे तुज्या मागं पन मानसं हायेत?"

"हायेत. अजून येतायत."

"मंग बरा हाय," नीराबाई म्हणाली आणि खाली पसरलेल्या फडक्यावर भाकरी आणि जवळ्याची चटणी मांडायला लागली.

परतीच्या लाँचच्या वेळी ओहोटी होती. रेवसच्या धक्क्याच्या पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडल्या होत्या, शेवाळानं बुळबुळीत. किशोरीनं पहिल्या पायरीवर पाय टाकला आणि कळ थेट कमरेत गेली. उतरताच येईना. मागची माणसं खोळंबली. तेव्हा ती वळली, धक्क्याकडे तोंड केलं आणि लहान मूल उतरतं तशी उलटी, एकेक पायरी उतरायला लागली. विनेश खालून हात धरून मोजत होता. लाँचवरचा खलाशी म्हणाला, "ताई, सावकाश. लाँच थांबलीय."

"थांबू दे," किशोरी म्हणाली, आणि तिनं पुढची पायरी शोधली.