पाहुण्यांचा वार

मी एक जुना वारांचा फळा आहे. खडूने लिहायचा तो मोठा काळा फळा नव्हे, गैरसमज नको. त्याचा थाट वेगळा. मी त्याच्या शेजारी, खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेला, हातभर लांबीचा लाकडी फळा. माझ्यावर तीन खिळे आहेत. पहिल्यावर वाराची पट्टी, दुसऱ्यावर हवेची, तिसऱ्यावर त्या दिवशीच्या कामाची. आज कोणता वार, बाहेर ऊन की ढग, आणि आज करायचं काय, हे पहिलीच्या वर्गाला मी सांगत असे. सध्या मी शाळेच्या कोठीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा आहे. फार दिवसांत कोणाशी बोललेलो नाही. तेव्हा मित्रांनो, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म उरल्यासुरल्या लाकडातला. कपाटाचं दार करताना सुताराकडे एक फळी उरली होती. पहिलीच्या बाई म्हणाल्या, "टाकू नका हो, मला द्या." सुताराने मला रंधा मारला, कडा घासून गोल केल्या आणि लहान मुलांचे हात लागणार म्हणून दोनदा पॉलिश केलं. पट्ट्या रंगवल्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने. तो भलताच मिश्कील माणूस. शनिवार त्याने बारीक अक्षरांत लिहिला. बाईंनी विचारलं तर म्हणतो कसा, "अर्धीच शाळा ना? मग पूर्ण अक्षर कशाला?" सांगितले होते सहा वार, पण त्याने रविवारही रंगवून दिला, फुकट.

ती रविवारची पट्टी कधी लागलीच नाही. लावणार कोण? शनिवारी दुपारी घंटा झाली की मुलं वाऱ्यासारखी पळत. मागे उरायची ती रिकामी बाकं, एखादी विसरलेली पाण्याची बाटली आणि मी. सोमवार उजाडेपर्यंत माझ्यावर शनिवारच लटकत असे. म्हणजे दर रविवारी मी चक्क खोटं बोलत होतो. ऐकायला कोणी नसे, एवढंच काय ते बरं. रविवार मला खायला उठायचा, खोटं कशाला सांगू.

पण सोमवार आला की माझा रुबाब बघावा! रोज एका मुलाला माझा मान असे. ज्याचा मान, त्याने स्टुलावर चढायचं, कालचा वार काढायचा, आजचा लावायचा आणि मोठ्याने वाचायचा. सगळ्या वर्गाने मागोमाग म्हणायचं. तोवर कोणी दप्तरसुद्धा उघडत नसे. सोमवारी घरची बातमी. कोणाचा दात पडलेला असे, कोणाच्या मांजरीने पिल्लं दिलेली असत. एकदा एकाने सांगितलं, "आमच्या आजोबांनी आजीला न सांगता मिशी काढली." त्यावर पुढचा अर्धा तास कोणालाच दुसरं काही सुचलं नाही. मंगळवारी तागडी निघे आणि मुलं गोट्या, खोडरबर, स्वतःचे बूट, हाताला लागेल ते तोलून बघत. बुधवारी मोठ्याने वाचन. गुरुवारी मातीकाम, आणि मग माझ्यावर चिखलाचे ठसे! शनिवारी वर्ग झाडायचा, पेन्सिलींना टोक काढायचं आणि घरी जायचं.

आणि शुक्रवारी पाहुणा. ही आमच्या बाईंची खास रीत. दर शुक्रवारी एका मुलाच्या घरचं कोणीतरी वर्गात यायचं आणि आपलं काम करून दाखवायचं. बोलायचं कमी, दाखवायचं जास्त. एकाची आई शिवणकाम करणारी, तिने सगळ्यांच्या देखत तुटलेलं बटण शिवलं. एकीचे मामा केस कापायचे, त्यांनी बाईंच्याच केसांना कात्री लावली आणि वर्गाने श्वास रोखून धरला. ज्याच्या घरचा पाहुणा, ते मूल त्या दिवशी पाहुण्याच्या शेजारी खुर्चीवर बसे. त्या खुर्चीवर बसलेलं मूल दोन बोटं उंच झाल्यासारखं दिसायचं.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. दप्तर तिच्यापेक्षा मोठं, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. तिचे बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवत. महिना महिना घरी नसत. वर्षातले बहुतेक शुक्रवार होऊन गेले, जवळजवळ सगळ्यांचे पाहुणे येऊन गेले, तरी मुंगीचा पाहुणा येईना. बाई विचारत, "मग मुंगीताई, तुमच्याकडून कोण?" ती म्हणे, "बाबाच येणार." आई चालेल, काका चालतील, असं बाईंनी सुचवून पाहिलं. छे! बाबाच. मुलं कुजबुजायची, हिला बाबा आहेत तरी का? लहान मुलांची जीभ कधी कधी फार कडू असते, मित्रांनो. मुंगी ते ऐकायची आणि दप्तराचा पट्टा चावत बसायची.

एका गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी वर्गात आली. धापा टाकत होती. दार लोटून घेतलं, स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिचं तोंड माझ्याइतक्या जवळ कधी आलं नव्हतं.

"ऐक ना," ती मला म्हणाली, "आज शुक्रवार हो. एकच दिवस. बाबा रात्री आलेत. दुपारी गाडी भरून परत जाणार. उद्या नाहीत ते."

तिने माझ्यावरचा बुधवार काढला आणि शुक्रवार लावला. कालच्या 'वाचन'च्या जागी 'पाहुणा' लावलं. घाईत पट्टी एकदा खाली पडलीसुद्धा. मग बाहेर पळाली. खिडकीतून मला व्हरांडा दिसत असे. तिथे खांबाच्या आडोशाला इस्त्रीच्या शर्टातला एक उंच माणूस उभा होता. खांद्यावर दोरीचं वेटोळं. ती त्याला म्हणाली, "इथेच थांबा हं बाबा. बाई बोलावतील, मग या." त्याने मान डोलावली आणि केसांवरून हात फिरवला. परीक्षेला आल्यासारखा घाबरला होता बिचारा.

आणि मी? मी फुगलो होतो. आजवर वार जसा असेल तसा मी सांगायचो. आज पहिल्यांदा कोणीतरी मला वार मागितला होता.

वर्ग भरला. त्या दिवशी मान होता एका चष्मेवाल्या मुलीचा. तिने स्टुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भोकाडच पसरलं. "बाईऽऽ, माझा मान होता! कोणीतरी आधीच लावला! आणि चुकीचा लावला!" मग एकच गलका. "आज गुरुवार! आज माती!" मुलांनी घरून डब्यांतून पाणी आणलं होतं, कोणी जुने शर्ट घालून आले होते. कोणीतरी म्हणालं, "मुंगीनं लावला, मी येताना तिला वर्गातून पळताना बघितलं."

बाई तशा प्रेमळ. पण त्या दिवशी उशीर झालेला, हातात वह्यांचा गठ्ठा, त्यात एक पोर रडतंय. त्या म्हणाल्या, "मुंगी, तू लावलास?"

मुंगीने मान हलवली.

"आज कोणता वार आहे?"

तिने दप्तराचा पट्टा दातांत धरला. एक वाक्य बोलली असती तरी पुरे होतं. पण सगळा वर्ग हसत होता, आणि तो पट्टा काही तिच्या दातांतून सुटेना.

"वाराशी खेळायचं नसतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने शुक्रवार उतरवून गुरुवार लावला. चष्मेवालीने डोळे पुसत मोठ्याने वाचलं, "गुरुवार!" सगळे म्हणाले, "गुरुवार!" मुंगी सोडून.

मित्रांनो, मला त्या क्षणी काय वाटलं ते कसं सांगू? खिडकीपलीकडे तो माणूस उभा होता. दारापासून चार पावलांवर. मुलांची पाठ खिडकीकडे. सगळ्या वर्गात त्याला पाहू शकत होतो तो फक्त मी, आणि मी पडलो लाकूड! वार सांगण्यापलीकडे मला काही येत नव्हतं, आणि त्या दिवशी तोच नेमका आड आला. माझ्या अंगावरचा खरा वार मला आगीसारखा झोंबत होता.

तो बराच वेळ थांबला. घड्याळ बघे, पुन्हा दाराकडे बघे. शेवटी शिपाईमामा पाण्याची कळशी घेऊन जात होते, त्यांना त्याने हळूच विचारलं. मामा म्हणाले, "पाहुणे शुक्रवारी असतात, दादा. आज गुरुवार."

"हो का?" तो हसला. "पोरीचा वारांचा घोळ झाला वाटतं. लहान आहे अजून."

मग खांद्यावरची दोरी त्याने मामांच्या हाती दिली. "सुटली की तिला द्याल? आणि म्हणावं, बाबा रागावले नाहीत." एवढं बोलून तो गेला. फाटकापाशी एकदा वळून पाहिलं त्याने. आत मुंगी मातीचा गोळा हातात घेऊन नुसती बसली होती. शेवटपर्यंत तिने त्या मातीचं काहीच केलं नाही.

शाळा सुटताना मामांनी दोरी आणून दिली आणि निरोप सांगितला, तो बाईंच्या समोरच. बाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मुलं गेल्यावर त्या पहिलीच्या त्या बुटक्या बाकावर बसल्या आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मी नजर तरी कुठे वळवणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "काल माझं चुकलं. वार विचारला, पण का बदललास ते विचारलंच नाही." मोठ्या माणसाने पहिलीतल्या पोरांपुढे अशी कबुली द्यायची म्हणजे सोपं नाही हो. आणि त्या दिवसापासून बाईंनी एक नवीन रीत पाडली. ज्याचा मान असेल त्याने वार लावायचाच, पण त्याआधी बाई मुंगीला विचारायच्या, "आज शुक्रवार आहे का गं?"

मुंगी म्हणायची, "नाही बाई, आज सोमवारच आहे." "नाही बाई, बुधवारच." खऱ्या शुक्रवारीसुद्धा ती म्हणायची, "नाही बाई. दुसऱ्या कोणाचा तरी असेल." हे रोज चाललं. मला वाटे, आज म्हणेल, उद्या म्हणेल. रोज सकाळी मी खिडकीतून व्हरांडा बघायचो. तिचे बाबा आले नाहीत असं नाही. दोनदा आले. दोन्ही वेळा रविवारी. तिच्या सोमवारच्या बातमीतून मला ते कळलं.

वर्षाचा शेवटचा दिवस आला. शनिवार. वर्ग झाडून झाला होता, भिंतीवरची चित्रं उतरवून ज्याची त्याला दिली होती. बाईंनी सवयीने विचारलं, "आज शुक्रवार आहे का गं, मुंगी?"

"हो," मुंगी म्हणाली.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. बाई तर धावतच व्हरांड्यात गेल्या. मी खिडकीतून बघितलं. बाहेर कोणी नव्हतं. बाई परत आल्या, आवाज एकदम हळू झाला होता. "अगं, कुठायत बाबा?"

"बाबा गाडीवर आहेत. पाहुणी मीच आहे."

तिने दप्तरातून ती दोरी काढली आणि पुढे आली. म्हणाली, "ट्रकमध्ये माल भरला की वर ताडपत्री टाकतात आणि मग अशी गाठ मारतात. बाबांनी शिकवली." खुर्चीच्या पायाला तिने दोरीचा एक फास घातला, दुसरा त्यातून ओढला. "गाडी कितीही हादरली तरी सुटत नाही. आणि सोडायची असली की हे टोक ओढायचं." तिने टोक ओढलं. सट्‌कन गाठ सुटली. वर्गाने 'हाऽऽ' केलं. मग काय विचारता! जो तो बुटाच्या नाड्या, रिबिनी, दप्तराचे पट्टे घेऊन गाठी मारू लागला. एकाने शेजाऱ्याचा पाय बाकाला बांधला आणि कुठलं टोक ओढायचं तेच विसरला. बाईंना चौथ्या खेपेला जमली. मुंगी त्यांना म्हणाली, "असू दे बाई, मलाही रडू आलं होतं शिकताना."

बाईंनी डोळे पुसले, स्टूल न घेता हात उंच केला, माझ्यावरचा बारीक अक्षरांतला शनिवार काढला आणि शुक्रवार लावला. तेवढ्यात गोंधळ ऐकून हेडमास्तर दारात आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आज शनिवार ना?"

"आमच्या वर्गात शुक्रवार आहे, सर," बाई म्हणाल्या. "पाहुणी आलीय. बसा ना."

आणि हेडमास्तर बसले की हो, पहिल्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन!

सुट्टी लागली. सुट्टीत बाईंची बदली झाली. नव्या बाईंनी नवा रंगीत तक्ता आणला, बटण दाबलं की दिवे लागणारा. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण तसं काही झालं नाही, तो अजून टिकून आहे म्हणे. मामांनी मला खिळ्यावरून उतरवलं, फडक्याने पुसलं आणि इथे आणून ठेवलं. माझ्यावरच्या पट्ट्या कोणी काढल्या नाहीत. मुंगी आता वरच्या कुठल्या तरी वर्गात असेल. तिचा आवाज कधीमधी ऐकू येतो असं वाटतं, पण खात्री नाही. मुलं मोठी झाली की आवाज बदलतात.

माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. जुन्या वस्तूंना जपा, असं मी म्हणणार नाही. ते सगळेच म्हणतात. तुमच्या वर्गात कोणी वेड्यासारखा चुकीचा वार सांगितला तर लगेच हसू नका. आधी बाहेर व्हरांड्यात बघून या.

इथे कोठीत रोज शुक्रवार असतो. काल होता, आज आहे, उद्याही असेल. फक्त पाहुणा कोणी येत नाही. दाराला कुलूप नाही, नुसतं लोटलेलं आहे. या कधीतरी. कुठल्याही वारी आलात तरी चालेल.